प्रपंचांतील कायदा : क्षमेचा अधिकार कोणाचा?

अकोल्याच्या एका वयोवृद्ध गृहस्थांचें पत्र आमच्यासमोर आहे. चार पानांचें पत्र, वळणदार अक्षर, आणि कोठेंही आक्रस्ताळेपणा नाहीं. त्यांत विचारलेला प्रश्न एकट्या त्यांच्याच घरचा नाहीं. म्हणून नांवगांव वगळून तो येथें मांडण्याची परवानगी आम्हीं मागितली, व त्यांनीं ती मोठ्या मनानें दिली.

पत्रलेखकांचें कुटुंब एकत्र आहे. तिघे भाऊ, त्यांचीं मुलेंबाळें, एक वाडा, मूर्तिजापूरकडे थोडी शेती, आणि घरांतील निम्मी मंडळी नोकरीवर. अशा या शांत घरावर दोन वर्षांच्या आंत दोन फौजदारी खटल्यांची छाया पडली. पहिला खटला धुऱ्याचा. शेजारच्या शेतकऱ्यानें धुरा कोरला, असा यांच्या पुतण्याचा समज झाला. पेरणीच्या दिवसांत त्यानें शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वाटेंत अडविला. शब्दानें शब्द वाढला, थपडा बसल्या, ‘पाहून घेईन’ अशी भाषा झाली, आणि शेजाऱ्यानें पोलीस ठाणें गांठलें. पुढें मोजणी झाली, धुरा होता तेथेंच निघाला, पुतण्यानें चूक कबूल केली, आणि अकोल्याच्या लोकअदालतींत एका शनिवारीं अर्ध्या तासांत खटला संपला. बाहेर येऊन दोघांनीं एकाच टपरीवर चहा घेतला, असें पत्रांत आवर्जून लिहिलें आहे.

दुसरा खटला मुलीचा. पत्रलेखकांच्या मधल्या भावाची मुलगी अमरावतीस दिलेली. सासरच्या जाचाला कंटाळून ती २०२३ सालीं लहान मुलाला घेऊन माहेरीं आली, आणि अमरावतीस नवरा व सासू यांच्याविरुद्ध फिर्याद झाली. दोषारोपपत्र दाखल झालें. त्यानंतर दोन्ही घरच्या वडील मंडळींनीं बडनेऱ्यास एका सोयऱ्याच्या घरीं दोन बैठका केल्या. परस्परसंमतीनें घटस्फोट घ्यावा, मुलीस अठरा लाख रुपये द्यावे, आणि तिनें फिर्याद मागें घ्यावी, असें ठरलें. कागद तयार झाला. तो घेऊन मंडळी अमरावतीच्या न्यायालयांत गेली, तेव्हां त्यांस उत्तर मिळालें कीं हा गुन्हा आपसांत मिटविण्याजोगा नाहीं; येथें कांहीं होणार नाहीं; नागपुरास जा.

या उत्तरानें पत्रलेखक व्यथित झाले आहेत. ते लिहितात : “धुऱ्याचें भांडण रागाच्या भरांत झालें व अर्ध्या तासांत मिटलें. मुलीचें प्रकरण आम्हीं त्याहून शतपट विचारानें मिटविलें आहे. मग कायद्याला धुरा कळतो आणि घर कळत नाहीं, असें आम्हीं समजावें काय?”

प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचें उत्तर केवळ कलमांचे आंकडे सांगून होण्यासारखें नाहीं.

प्रथम मुळाशीं जाऊं. अपराध घडतो तेव्हां अपराध्याच्या डोक्यावर दोन धनको बसतात. एक, ज्याला इजा झाली तो मनुष्य; आणि दुसरा, ज्याच्या शांततेचा भंग झाला तो समाज. ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. मनु व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींत असें सांगितलें आहे कीं, एकानें दुसऱ्यास जखमी केलें तर अपराध्यानें राजास दंड द्यावा, आणि शिवाय जखमी मनुष्य बरा होईपर्यंत त्याला लागणारा खर्चही द्यावा. या खर्चास ‘समुत्थानव्यय’ असें नांव आहे. म्हणजे राजाचें देणें वेगळें आणि पीडिताचें देणें वेगळें. मराठेशाहींतील गोतसभांचा व्यवहारही याच धर्तीचा होता. उभय पक्षांनीं ‘निर्णय मान्य करूं’ असा राजीनामा लिहून द्यावयाचा. त्या काळीं राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद नव्हे, तर राजीखुशीचा कागद. निर्णय झाल्यावर जिंकणारानें ‘हरकी’ आणि हरणारानें ‘गुन्हेगारी’ सरकारांत भरावयाची. तंटा दोघांचा असला तरी सरकार त्यांतून पूर्णपणें बाहेर नसे.

आतांचा कायदाही हेंच सूत्र घेऊन चालतो. त्यानें फक्त अपराधांची प्रतवारी लावून, कोणत्या अपराधांत दुसऱ्या धनकोनें, म्हणजे समाजानें, आपला हिस्सा पीडिताच्या हातीं सोपविला आहे, याची यादी करून ठेविली आहे. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत ही यादी कलम ३४५ मध्यें होती. १९७३ च्या कायद्यांत ती कलम ३२० मध्यें आली. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत ती कलम ३५९ मध्यें आहे. सव्वाशे वर्षांत क्रमांक दोनदां बदलला, पण सूत्र बदललें नाहीं.

या यादीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागांतील अपराध पीडित मनुष्य न्यायालयाच्या परवानगीवांचून मिटवूं शकतो. साधी दुखापत, वाट अडविणें, दुसऱ्याच्या जागेंत बेकायदा शिरणें, अपमान, साधी धमकी, अब्रुनुकसानी, चोरी, खाजगी मालमत्तेचें नुकसान, हे त्यांत येतात. धुऱ्याच्या भांडणांतील सारे अपराध याच भागांतले होते. म्हणून शेजाऱ्यानें ‘माझी तक्रार नाहीं’ असें म्हणतांच खटला संपला. दुसऱ्या भागांतील अपराध मिटवितां येतात, पण न्यायालयाच्या परवानगीनें. गंभीर दुखापत, मोठी फसवणूक, विश्वासघातानें माल दाबणें, पहिली पत्नी हयात असतां दुसरें लग्न करणें, हे या भागांत आहेत. येथें न्यायाधीश पाहतो कीं तडजोड खरोखर राजीखुशीची आहे कीं नाहीं. दोन्ही भागांत परिणाम मात्र एकच होतो : तडजोड झाली कीं आरोपी निर्दोष सुटला असें कायदा मानतो.

या यादींत एक शब्द अधिक-उणा झाला तरी केवढा फरक पडतो, तें वऱ्हाडच्या शेतकरी घरांनीं ध्यानांत ठेवावें. पुतण्यानें थपडा मारल्या म्हणून भागलें. त्याच्या हातीं विळा किंवा कुऱ्हाड असती आणि शेजाऱ्यास नुसती चार बोटें जखम झाली असती, तरी तो अपराध घातक शस्त्रानें केलेल्या दुखापतीचा झाला असता, आणि हा अपराध मिटविण्याजोग्या यादींतून वगळलेला आहे. मग अर्ध्या तासाच्या चहाऐवजीं त्या पुतण्याला वर्षानुवर्षें तारखा पाहाव्या लागल्या असत्या.

यादीबाहेरचा अपराध मात्र आपसांत मिटत नाहीं. तसा तो मिटवितां येणार नाहीं, असें त्या कलमांतच स्पष्ट लिहिलें आहे. लोकअदालतीलाही ही मर्यादा आहे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें लोकअदालतींना मोठें बळ दिलें. तेथील निवाड्यावर अपील नाहीं. पण न मिटविण्याजोग्या अपराधाला हात घालण्याचा अधिकार त्याच कायद्यानें त्यांस नाकारला आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली व गांवोगांव समित्या झाल्या. त्यांनीं धुऱ्याबांधाचे तंटे गांवांतच मिटविले तर त्यांचे आभारच मानावेत. पण मोठा अपराध चावडीवर दडपण्याचा परवाना त्यांसही नाहीं. उलट, असा अपराध पैसे घेऊन झांकणें हाच कायद्यानें एक वेगळा अपराध ठरविला आहे.

आतां मुलीच्या प्रकरणाकडे येऊं. नवरा वा त्याचे नातलग यांनीं विवाहितेस क्रूरतेनें वागविणें, हा अपराध १९८३ सालीं जुन्या दंड संहितेंत कलम ४९८-अ म्हणून घातला गेला. नव्या न्याय संहितेंत तो कलम ८५ व ८६ मध्यें आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. शिक्षेच्या मानानें पाहिलें तर याहून मोठे अपराध यादींत आहेत. मग हा कां नाहीं?

आमच्या मतें कारण असें आहे. धुऱ्यावरचा शेजारी संध्याकाळीं आपल्या घरीं जातो. तेथें त्याला धमकावणारा कोणी नसतो. त्याची भाकरी आरोपीच्या चुलीवर भाजली जात नाहीं. तो ‘क्षमा केली’ म्हणाला तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास हरकत नसते. विवाहितेची स्थिति निराळी. तिचें मूल, तिचे दागिने, तिचा निवारा, तिच्या धाकट्या बहिणीचें लग्न, हें सारें त्या एका शब्दाला बांधलेलें असतें. अशा मनुष्याच्या तोंडून ‘क्षमा’ हा शब्द निघाला तर तो कोणाचा, हें कोणीतरी शांतपणें पाहावयास हवें. अपराध न्यायालयाच्या दारांतच मिटवितां येऊं लागला तर फिर्याद झाल्या दिवसापासून दडपण सुरू होईल, ही कायदा करणारांची भीति खोटी म्हणतां येत नाहीं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्ही लपवीत नाहीं. संसार मोडला, दोघेही पुढें जाऊं इच्छितात, आणि खटला मात्र दहा वर्षें चालतो. यांत त्या मुलीचेंच अधिक नुकसान होतें. म्हणून २०१२ सालीं विधि आयोगानें आपल्या २४३ व्या अहवालांत, न्यायालयाच्या परवानगीनें हा अपराध मिटवितां यावा, अशी शिफारस केली. आंध्र प्रदेशानें २००३ सालींच आपल्यापुरती तशी दुरुस्ती केली होती. पण देशाच्या सामान्य कायद्यांत ती शिफारस उतरली नाहीं. २०२३ च्या नव्या संहितेंतही नाहीं.

मग वाट कोणती? वाट नागपूरची. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला, १९३६ सालीं नागपुरास उच्च न्यायालय झालें, आणि १९५६ सालीं वऱ्हाड-नागपूर मुंबई राज्यांत आल्यापासून मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ तेथें बसतें. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांचीं प्रकरणें तेथें जातात. रावबहादुर मुधोळकर व दादासाहेब खापर्डे यांच्या अमरावतीला वकिलांची वाण कधींच नव्हती; पण हा अधिकार अमरावतीच्या न्यायालयाला नाहीं, त्याला वकील तरी काय करणार? यादीबाहेरचा खटला रद्द करण्याचा जो अंगभूत अधिकार उच्च न्यायालयास आहे, तो पूर्वीं कलम ४८२ मध्यें व आतां नव्या संहितेच्या कलम ५२८ मध्यें नोंदलेला आहे.

या अधिकाराचा उपयोग केव्हां करावा, याविषयीं सर्वोच्च न्यायालयाचे तीन-चार निर्णय पायाभूत आहेत. २००३ सालीं बी. एस. जोशी यांच्या प्रकरणांत न्यायालयानें म्हटलें कीं, नवरा-बायकोंत खरी तडजोड झाली असेल तर ४९८-अ चा खटला उच्च न्यायालय रद्द करूं शकतें. २०१२ सालीं ग्यानसिंग यांच्या प्रकरणांत तीन न्यायमूर्तींनीं रेषा आंखून दिली : घरगुती, वैवाहिक, व्यापारी, पैशाचे असे जे वाद मूलतः खाजगी आहेत, त्यांत तडजोडीवरून खटला रद्द करतां येईल, परंतु खून, बलात्कार, दरोडा अशा अपराधांत पीडितानें वा त्याच्या घरच्यांनीं तडजोड केली तरी खटला रद्द होणार नाहीं. २०१४ सालीं नरिंदरसिंग यांच्या प्रकरणांत वेळेचें महत्त्व सांगितलें : तडजोड आरंभीं झाली तर न्यायालय उदार असतें, पुरावा पूर्ण झाल्यावर तें हात आंखडतें.

शिक्षा होऊन गेल्यावर तर वाट अधिकच अरुंद होते. यासंबंधीं आपल्या नागपूर खंडपीठांतीलच निर्णय आहे. जानेवारी २०२१ मध्यें तेथील तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठानें सांगितलें कीं, न मिटविण्याजोग्या अपराधांत शिक्षा झाल्यावर केवळ तडजोडीच्या बळावर सारें प्रकरण पुसून टाकण्याचा अधिकार सामान्यतः वापरूं नये. तो अगदीं विरळ प्रसंगींच वापरावा, आणि एरवीं अपील ऐकणाऱ्या न्यायालयानें शिक्षा ठरवितांना तडजोड विचारांत घ्यावी. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें रामगोपाल यांच्या प्रकरणांत, शिक्षा झालेली असली तरी खाजगी स्वरूपाच्या वादांत उच्च न्यायालय जपून हा अधिकार वापरूं शकतें, असें म्हटलें. दोहोंचें तात्पर्य प्रापंचिकांसाठीं एकच : मिटवावयाचें असेल तर लवकर मिटवा.

येथपर्यंत कायदा झाला. आतां, पत्र वाचतांना जी गोष्ट आमच्या मनाला सारखी टोंचत राहिली, ती सांगतों. चार पानांच्या पत्रांत बडनेऱ्याच्या बैठकीस कोण कोण होते तें आहे. रक्कम बारा लाखांवरून अठरावर कशी आली तें आहे. व्याह्यांनीं कसा समंजसपणा दाखविला तेंही आहे. पण ज्या मुलीची फिर्याद, तिचें म्हणणें एका ओळींतही नाहीं. ती बैठकीस होती कीं नव्हती, हेंसुद्धां कळत नाहीं.

पत्रलेखकांस आम्हीं उलट टपालीं एवढेंच विचारलें : “क्षमा कोणी केली? आपण, कीं तिनें?”

हा प्रश्न आम्ही औद्धत्यानें विचारीत नाहीं. एकत्र कुटुंबांत वडील मंडळी घरासाठीं बोलतात, आणि बहुधा प्रेमानेंच बोलतात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु यादीच्या प्रत्येक ओळीसमोर कायद्यानें ‘कोणीं मिटवावें’ याचा एक रकाना ठेविला आहे. दुखापत झाली तर ज्याला दुखापत झाली त्यानें. अब्रू गेली तर ज्याची गेली त्यानें. दुसरें लग्न केलें तर पहिल्या जोडीदारानें. पीडित व्यक्ति अठरा वर्षांखालची असेल तर पालक तिच्या वतीनें मिटवूं शकतो, पण तेथेंही न्यायालयाची परवानगी लागते. सज्ञान मुलीच्या वतीनें काकांनीं, वडिलांनीं वा भावानें क्षमा करावी, असा रकाना कोठेंच नाहीं.

आणि पालकाच्या तडजोडीलाही सीमा आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें एका प्रकरणांत बजावलें. राजस्थानांत एका शिक्षकावर अल्पवयीन विद्यार्थिनीशीं गैरवर्तन केल्याचा आरोप होता. मुलीच्या वडिलांनीं तडजोड केली, आणि त्यावरून तेथील उच्च न्यायालयानें खटला रद्द केला. मुलीच्या घरचें कोणी पुढें आलें नाहीं. तिसऱ्याच माणसांनीं दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द करण्याचा हुकूम फिरविला. असला अपराध म्हणजे दोन घरांमधला खाजगी मामला नव्हे, असें ठरविलें. वडिलांनीं राजीखुशीनें सही केली असेलही; पण जें देणें त्यांचें नव्हतें, तें माफ करण्याचा अधिकार त्यांस कोठून येणार?

हाच न्याय आपण फिर्यादी नसून आरोपी असूं तेव्हांही लागू आहे. आपल्या घरांतील मुलानें शेतावरच्या मजुराला मारलें, जातीवरून बोलला, आणि त्यावरून अत्याचारप्रतिबंधक कायद्याखालीं खटला झाला, असें समजूं. अशा वेळीं ‘चार पैसे देऊन मिटवूं’ हें वाक्य किती सहज निघतें! सर्वोच्च न्यायालयानें २०२१ च्या ऑक्टोबरांत रामअवतार यांच्या प्रकरणांत सांगितलें आहे कीं, वाद मुळांत खाजगी व दिवाणी स्वरूपाचा असेल, तर या कायद्याखालील खटलाही तडजोडीवरून संपवितां येईल. पण ती तडजोड दुबळ्या पक्षावर लादलेली नाहीं ना, हें न्यायालयानें विशेष काळजीनें पाहिलें पाहिजे. ज्याला आपण रोज मजुरी देतों त्याची सही मिळविणें सोपें असतें. क्षमा मिळविणें तितकें सोपें नसतें.

आमच्या प्रश्नाचें उत्तर दहा-बारा दिवसांनीं आलें. पण तें अक्षर वडील गृहस्थांचें नव्हतें. त्यांनीं आमचें पत्र पुतणीच्या हातीं दिलें होतें आणि म्हटलें होतें, “तूंच लिही.” या एका कृतीबद्दल आम्हांस त्या गृहस्थांविषयीं जो आदर वाटला, तो शब्दांनीं सांगतां येणार नाहीं.

मुलीनें थोडक्यांत लिहिलें होतें. तिला तडजोड हवी आहे. ती त्या घरीं परत जाणार नाहीं. खटल्याच्या तारखांना जाऊन ती थकली आहे. तिला नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करावयाचा आहे. तिच्या तीनच गोष्टी होत्या. एक, कागदांत ‘फिर्याद गैरसमजुतीनें दिली होती’ असें वाक्य आहे, त्याखालीं ती सही करणार नाहीं. “मोठ्या काकांना मीं हें बैठकीच्या आदल्या दिवशीं सांगणार होतें, पण घरांत सगळे इतके आनंदांत होते कीं सांगवेना,” असें ती लिहिते. दुसरें, मुलाच्या खर्चाबद्दल ‘यापुढें कांहींही मागणार नाहीं’ असें लिहिलें आहे, तें तिला पटत नाहीं. तिसरें, आजीनें दिलेल्या चार बांगड्या व एक हार अजून तिकडेच आहेत, आणि कागदांत त्यांचा उल्लेख नाहीं.

तिन्ही गोष्टींत ती बरोबर आहे. आणि अशा वळणावर आलेल्या प्रत्येक घराला उपयोगी पडतील, म्हणून त्यांचीं उत्तरें येथेंच देतों.

पहिली गोष्ट. खटला रद्द होण्यासाठीं फिर्याद खोटी होती असें म्हणण्याची मुळींच जरूर नाहीं. ‘आमच्यांतील वाद मिटला आहे, मीं स्वखुशीनें तडजोड केली आहे, व खटला पुढें चालविण्याची माझी इच्छा नाहीं’ एवढें पुरेसें आहे. क्षमेचा अर्थ ‘अपराध घडला नव्हता’ असा होत नाहीं. घडला नसता तर क्षमा कशाची? शिवाय शपथेवर दिलेला जबाब शपथेवरच खोटा म्हणणें, हें कायद्याच्या दृष्टीनेंही धोक्याचें आहे.

दुसरी गोष्ट. आई आपला हक्क सोडूं शकते. मुलाचा हक्क सोडण्याचा अधिकार तिला नाहीं. मुलाची पोटगी, शिक्षण, भेटीगांठी यांविषयीं कागदांत स्वतंत्र कलमें असावींत, आणि शक्य तर कांहीं रक्कम मुलाच्या नांवें बँकेंत मुदतीनें ठेवावी.

तिसरी गोष्ट. स्त्रीधन हें तिचेंच आहे. तें तडजोडीच्या रकमेंत जिरवूं नये. दागिन्यांची यादी करावी, परत मिळालेल्या वस्तूंवर दोघांनीं सह्या कराव्या, आणि मगच पुढचें पाऊल टाकावें.

याला दोन गोष्टी आम्ही जोडतों. रक्कम हप्त्यांनीं असेल तर प्रत्येक हप्ता एका टप्प्याशीं बांधावा : एक घटस्फोटाचा अर्ज दाखल होतांना, एक हुकूमनाम्याच्या वेळीं, आणि शेवटचा नागपुरास खटला रद्द होण्यापूर्वीं न्यायालयांत जमा. नुसत्या शब्दावर शपथपत्र देऊं नये. आणि रक्कम स्वीकारून ऐन वेळीं शब्द फिरवूंही नये. दुसरी गोष्ट अशी कीं, उच्च न्यायालयांत फिर्यादीस स्वतःस विचारलें जातें : ही सही तुमची का, मजकूर समजला का, कोणाचा दबाव आहे का? त्या वेळीं उत्तर देणारी ती एकटीच असते. घरच्या बैठकीत जें तिच्या तोंडून निघालें नाहीं, तें तेथें तिच्या तोंडीं घालतां येत नाहीं. आणि घालूं पाहणारांस न्यायमूर्ति ओळखतात.

पत्रलेखकांचा मूळ प्रश्न होता, कायद्याला धुरा कळतो व घर कळत नाहीं, असें समजावें काय? आम्हांस असें वाटतें कीं कायद्याला घर थोडेंफार कळतें, म्हणूनच तो घराच्या दारांत थोडा थांबतो. धुऱ्यावर दोघे बरोबरीचे उभे असतात. घरांत सगळे बरोबरीचे नसतात. अमरावतीच्या न्यायालयानें ‘नागपुरास जा’ म्हटलें तेव्हां मंडळींना दीडशे किलोमीटरांचा हेलपाटा दिसला. परंतु त्या हेलपाट्यामुळेंच कागद पुन्हां उघडला गेला, आणि ज्या तीन गोष्टी बडनेऱ्यास कोणीं विचारल्या नव्हत्या, त्या विचारल्या गेल्या. खटल्यांना लागणाऱ्या वर्षांचें समर्थन आम्ही करीत नाहीं; विधि आयोगाची शिफारस मान्य होऊन ही परवानगी जिल्ह्याच्याच ठिकाणीं मिळूं लागली तर गरीब घरांची सोय होईल, असें आमचेंही मत आहे. पण तेव्हांही तो न्यायाधीश हाच प्रश्न विचारील, आणि त्यानें तो विचारावा.

पत्राच्या शेवटीं काकांनीं स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत. व्याह्यांकडे पुन्हां बोलणें लाविलें आहे. ‘गैरसमजुतीनें’ हा शब्द काढण्यास ते तयार आहेत, मुलाच्या नांवें ठेव ठेवण्याचेंही मान्य आहे, बांगड्यांचें मात्र अजून चाललें आहे. “या वेळच्या बैठकीस ती स्वतः बसणार आहे,” असें त्यांनीं लिहिलें आहे, आणि त्या वाक्याखालीं रेघ ओढली आहे.

नागपूरची तारीख अजून लागावयाची आहे. ती लागेल तेव्हां लागो. आमच्या मतें या प्रकरणांतील खरी तडजोड त्या रेघेपाशींच सुरू झाली आहे.